झोपतानाचा थेंब

अण्णा, तो थेंब झोपताना टाकायचा नव्हता. रात्री टाकायचा होता, रोज त्याच वेळेला, मग तुम्ही झोपा नाहीतर शिफ्टला जा. मला हे गेल्या वर्षी कळलं, माझ्या डोळ्यांसाठी तोच थेंब लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडून. मी सहज विचारलं होतं, माझी शिफ्ट दर आठवड्याला फिरते, थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी येऊन झोपताना टाकला तर चालेल ना? त्या म्हणाल्या, "अहो, तो झोपेचा थेंब नाहीये. मध्ये जास्त वेळ गेला की डोळ्यातलं प्रेशर पुन्हा चढतं." मी मान डोलावली, बाहेर बाकड्यावर येऊन बसले, आणि मग उठवेचना.

तुमच्या चिठ्ठीवर 'झोपताना एक थेंब' एवढंच होतं. कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये शिफ्ट फिरायची तशी तुमची झोप फिरायची, आणि झोपेमागे थेंब. कधी पहाटे, कधी दुपारी, कधी रात्री. डॉक्टरांनी शिफ्ट विचारली नाही, तुम्ही सांगितली नाही. पण चुकवला तुम्ही एकदाही नाही, आणि हेच मला सहन होत नाही. आळस केला असतात तर तुमच्यावर रागावता तरी आलं असतं. भोसरीत ती बाटली मिळायची नाही, तर ड्यूटी सुटल्यावर सायकल मारत पिंपरीला जायचात. आपली खोली पत्र्याची, फ्रीज नाही, म्हणून बाटली मालकीणबाईंच्या फ्रीजमध्ये, अंड्यांशेजारी. त्या वरून हाक मारायच्या, "ये गं पोरी, तुझ्या बापाचं औषिद घिऊन जा, आमी दार लावतोय." तुम्ही खाटेवर उताणे, मी बाटली धरलेली, आणि एकदा माझ्या हातून दोन थेंब पडतात. तुम्ही केवढ्यानं खेकसता! "एकच म्हनलं व्हतं ना? गालावरून गेलेला थेंब आता बाटलीत भरतीस का?" मी रडत बसले. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमधली जिलेबी रुमालात बांधून आणलीत, पाक सगळा रुमालालाच लागलेला. मी रुमालसुद्धा चोखला.

त्या थेंबानं तुमच्या पापण्या लांब आणि काळ्याभोर झाल्या होत्या. आई चिडवायची, "आता पिच्चरमंदी घ्या म्हनावं ह्यांना," आणि तुम्ही लाजायचात. काचबिंदू हा शब्द तुम्ही घरात कधी उच्चारला नाहीत. कोणी विचारलं की, "कंपनीतल्या धुळीचं औषध हाय." मग डाव्या हाताला ठेवलेला पेला सांडायला लागला, दाराची चौकट कपाळाला लागायला लागली. कंपनीच्या वार्षिक तपासणीत मात्र तुम्ही पास, कारण समोरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येत होती, कडेचं कोणी तपासत नव्हतं. "मला समदं दिसतंय की," तुम्ही म्हणायचात. शेवटी मी पुढ्यात उभी राहिले तरी विचारायचात, "कोन हाय?" आणि मी दरवेळी, मीच आहे अण्णा, असं सांगायचे.

आता मी चाकणला इन्स्पेक्शनला आहे. टेबलावर डॅशबोर्डचे भाग येतात, त्यांच्यावरचे ओरखडे शोधायचे. यंदा मीही पास झाले, समोरची अक्षरं वाचून. तुमच्याकडे जे नव्हतं ते सगळं माझ्याकडे आहे. घरात फ्रीज आहे, मोबाईलला गजर आहे, थर्ड शिफ्टला मी लाइनवरून उठून बाथरूममध्ये थेंब टाकून येते. मेडिकलवाला म्हणतो, "ताई, ही कंपनी सध्या येत नाहीये, तेच औषध दुसऱ्याचं देऊ? स्वस्त पडेल." डॉक्टरीणबाई चालेल म्हणाल्या, मी घेते. आता दोन प्रकारचे थेंब लागतात, त्यामुळे स्वस्त पडूनही महिनाअखेर जड जातोच. पण खरं दुःख ते नाही. इतकं नेमानं करूनही काही परत येत नाही, अण्णा. थेंबानं दिसायला लागत नाही, उरलेलं जायचं फक्त लांबतं. माझं डावीकडचं बरंच गेलंय. लाइनवर डावीकडून कोणी आलं की मी दचकते, आणि पोरी हसतात.

पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात कोणाला होता का? वडिलांना, म्हटलं. मग म्हणाल्या, "हे घराण्यात उतरतं. मुलीला घेऊन या, लवकर कळलं तर तिचं वाचवता येईल." तेव्हापासून मी रोज ठरवते आणि रोज पुढे ढकलते. लेक अभ्यास करताना डोळे चोळते तेव्हा मी उठून दिवा तिच्याजवळ सरकवते. तिच्या डोळ्यांतही निघालं तर मी काय करू, हे मला कोणी सांगत नाही. न्यायला हवं हे कळतं, आणि पाय निघत नाही. तुम्हाला लिहिलेला हा कागद घरात ठेवला तर तिच्या हाती लागेल, म्हणून कंपनीतल्या लॉकरमध्ये ठेवणार आहे, डब्याच्या पिशवीखाली.

काल ती माझ्या अगदी जवळ येऊन बघत राहिली. "आई, तुझ्या पापण्या कसल्या भारी झाल्यात! काय लावतेस? मलापण दे ना."

मी म्हटलं, काही नाही गं, कंपनीतल्या धुळीचं औषध आहे. तुला नाही लागायचं ते.