नंदिताला बाळबोधीत पत्रं

१७ जुलै १९९४, रविवार
नंदिताला कोइमतूरच्या इंजिनियरिंग हॉस्टेलात सोडून तंजावूरला परत. निघताना पोर रडली. तिची आई सरस्वती म्हणते, दोन दिवस थांबायला हवं होतं. बायकांचं हे असंच. मुलांना धीर पत्रातून द्यायचा असतो. रोज एक पत्र, आपल्या घरच्या मराठीत, बाळबोधी म्हणजे देवनागरी लिपीत. वॉर्डन पत्रं फोडते म्हणे. फोडू दे, वाचेल कशी? नंदिताला मी स्वतः शिकवलंय, चौथीच्या सुट्टीत. अख्खं पुस्तक घडाघडा म्हणायची. पुस्तक मिटलेलं असलं तरी.

२५ जुलै
आठ पत्रं गेली. विषय: टाइमटेबल, गार पाण्याची आंघोळ, फर्स्ट रँक. उत्तर नाही. पोस्टमास्तरला झापलं. पत्रं पोचतात म्हणाला. उद्धट माणूस.

२ ऑगस्ट
उत्तर आलं. सरस्वतीला! तमिळमध्ये! जेवण जात नाही, झोप नाही, कॉलेज सोडून येऊ का, विचारते. माझ्या पत्रांबद्दल अक्षर नाही. सरस्वतीनं दोन ओळी खरडल्या आणि रसमची पूड पाठवली. पूड! मोटिव्हेशन म्हणजे काय, या घरात कुणाला ठाऊक नाही. सोळावं पत्र कडक लिहिलं.

६ ऑगस्ट, संध्याकाळी ७
एसटीडी बूथ. सगळा वेळ सरस्वतीच बोलली. रिसीव्हर हिसकावून विचारलं, पत्रं वाचतेस ना? गप्प. म्हणजे वाचते.

१४ ऑगस्ट, रविवार
सुट्टीला आली. वाळलीय. पत्रांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.
"अप्पा, मला हे वाचायला येत नाही. तुम्हीच वाचून दाखवा."
आधी का नाही सांगितलंस, विचारलं. तुम्ही रागवाल म्हणून, म्हणाली. रागावलेले आहात एवढं उद्गारचिन्हांवरून कळायचं म्हणे.
चार पत्रं वाचली. पाचव्याला तिनं थांबवलं.
"मी कशी आहे, हे कुठं विचारलंत?"
गठ्ठा दोनदा चाळला. पोस्टखात्यानं नेमकं तेच पत्र गहाळ केलं असणार.

१६ ऑगस्ट
काल परत गेली. आईनं रसमच्या पुडीचा आणखी एक डबा दिला म्हणून गेली, माझ्यामुळे नाही. स्वतःचा संताप आला, झोप नाही.
सकाळी कार्ड लिहिलं, तमिळमध्ये. बोलतो झकास, लिहायची वेळ कधी आली नव्हती. फक्त दोन शब्द: कशी आहेस.
सरस्वतीनं तीन चुका काढल्या. शब्द दोन, चुका तीन कशा, म्हणून भांडलो.
तिसरी उद्गारचिन्ह.