गालाने तपासलेलं छप्पर

१७ सप्टेंबर १९८३, शनिवार

तुकारामने आज छपराचा मुका घेतला! खोटं नाही. इथे आखातात आम्ही दोघं काम करतोय, त्या रिफातल्या बंगल्याच्या गच्चीवर सकाळी साडेपाचला गुडघे टेकले, वाकला, आणि नव्या प्लायवूडवर डावा गाल ठेवून डोळे मिटून पडला. मला वाटलं झीट आली. तर म्हणे, "ओलां आसा रे अजून." वेंगुर्ल्याला होड्या बांधणारे असंच बघतात म्हणे. हाताला कळत नाही ते गालाला कळतं. बाप, आजा, सगळे गालवाले!

इथे होडी नाही, सपाट गच्ची आहे. प्लायवूडवर काचेच्या धाग्यांची मॅट पसरायची, तिच्यात रेझिन, म्हणजे पातळ राळ, जिरवायचं, रोलर फिरवून हवा काढायची. सुकलं की पत्र्यासारखं कडक. पाण्याची आत शिरायची टाप नाही. यात मुके घेण्यासारखं काय आहे?

१८ सप्टेंबर, रविवार

नजीबभाई आले. आमचे सुपरवायझर. मूळचे खेडचे, पण साहेबी करायची तर हिंदीतच. शिडीशी त्यांचं जुनं वाकडं, म्हणून खालूनच मान वर करून — "यल्ला, यल्ला! कितना हुआ?" शून्य झालंय, हे खालून कसं दिसणार!

मग खरी बातमी. ऑक्टोबरात आम्हा दोघांचेही व्हिसा संपतात. कंपनी एकालाच ठेवणार, फोरमन करून. फोरमनला फॅमिली व्हिसा. दुसरा खलास — सरळ घरी. "ये छत देखके डिसाइड करेगा," म्हणाले. छत बघणार म्हणजे शिडी चढणार? बघू.

मी लगेच गच्चीच्या मधोमध खडूने रेघ मारली. पूर्व माझी, पश्चिम तुकारामची. तो म्हणाला, "रेघ कित्याक? छप्पर एकच मा." असल्या माणसाला फोरमन करणार?

१९ सप्टेंबर, सोमवार

माझं गणित सरळ आहे. उन्हात रेझिन डब्यातच गोठतं, दहा मिनिटांत दगड. म्हणजे काम पहाटे करायचं. साडेचारला वर होतो. रेझिन घट्ट करणारं हार्डनर खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून, डब्यावर लिहिलंय तेवढंच, थेंब इकडचा तिकडे नाही. उगाच आयटीआय केलं नाही! पायाखाली प्लायवूड गार लागत होतं. बरं वाटलं. वरवर फडकं मारलं आणि मॅट टाकली.

तुकाराम आठ वाजेपर्यंत चहा पीत बसतो. अधूनमधून गाल. मग ताडपत्रीची सावली बांधतो, वाडगाभर रेझिन कालवतो आणि मॅटचा हातभर तुकडा लावतो. हार्डनर? अंदाजपंचे! आमटीत मीठ घालावं तसं. "उन्हात कमी घालूचा," म्हणतो. डबा बनवणारे मूर्ख आणि हा शहाणा.

२० सप्टेंबर, मंगळवार

माझी बाजू दोन दिवसांत खतम! तुकारामची कशीबशी पाव. पोटभर हसून घेतलं.

माझ्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात जरा पांढुरकं दिसतंय. ताकाच्या निवळीसारखं. खरं तर सुकल्यावर स्वच्छ आरपार दिसायला हवं, खालच्या लाकडाच्या रेषासुद्धा. असो. वर राखाडी टॉपकोट बसणारच आहे, त्याच्या खाली बघायला कोण जातंय.

२१ सप्टेंबर

काच टोचतेय. दोनदा अंघोळ केली तरी खाज. तुकाराम कामाआधी दोन्ही हातांना पावडर फासतो, नव्या नवरीसारखी. त्याला खाज नाही. राग येतो!

२३ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी. बायकोचं, सत्यवतीचं पत्र. आमचा शंभू चार वर्षांचा झाला. शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला परवा 'बाबा' म्हणाला. "सगळे खूप हसले," असं लिहिलंय. मला नाही आलं हसू. पत्र घडी करून ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाचलं. रेडिओवाल्याचा काय दोष!

रिफाहून परतताना ईसा टाउनच्या इंडियन शाळेची बस रोज आमच्या पिकअपच्या पुढे असते. मागच्या काचेला नाकं चिकटवलेली पोरं. त्या बसमध्ये मला शंभू हवा आहे. बाकी काही नको.

तुकाराम खोलीत बसून सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर होडी काढतोय. "अजून दोन वर्सां गावली तर माझी सोताची होडी." रोज जेवताना हेच. होडी थांबेल. पोर थांबत नाही.

२५ सप्टेंबर, रविवार

गालवाल्यांचं संपलं एकदाचं! सात दिवस. खडूच्या रेघेवर आला तर थांबला नाही, मॅट वीतभर माझ्या बाजूवर चढवून सांधा पक्का केला. मग उकिडवा बसून माझ्या बाजूवर बोटाने टकटक करत निघाला, कलिंगड घेतल्यासारखं. टाकीपाशी थांबला.

"बाळाजी, हय पोकळ वाजता रे."

मी म्हटलं, "तुझे कान पोकळ आहेत."

रात्री माझ्या ताटात त्याने त्याचा तळलेला मासा टाकला. मी खाल्ला.

२६ सप्टेंबर, सोमवार

दोघांनी मिळून टॉपकोट मारला. खडूची रेघ गेली. सगळी गच्ची एकसारखी राखाडी. छान दिसतेय. खरंच छान दिसतेय!

२७ सप्टेंबर, मंगळवार

पाण्याची परीक्षा. निचऱ्याच्या भोकात बोळा कोंबला, गच्चीवर घोटाभर पाणी भरलं. उद्या सकाळी खालच्या खोल्यांची सिलिंगं बघायची. तुकारामला विचारलं, पोहता येतं ना? तुझ्या बाजूने बुडायची वेळ आली तर!

२८ सप्टेंबर, बुधवार

पश्चिमेची खोली कोरडी ठणठणीत.

पूर्वेच्या खोलीत सिलिंगवर परातीएवढा डाग. खाली टप टप. घरातल्या बाईने पातेलं ठेवलं होतं आणि माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच वरून गळतोय.

बोळा काढून पाणी सोडलं. टाकीजवळ फोड. कड उचकटली तर अख्खा तुकडा सुटून आला, पापडासारखा. चिकटलंच नव्हतं. कालच्या पाण्याने भिजलं असं म्हणायला जागा आहे, पण कोणाला सांगू? हा कागद तरी ऐकून घेईल का? पहाटेचं दंव होतं ते. गार लागत होतं पायाला, मीच लिहिलंय वर. पांढुरकंही मीच लिहिलंय. झाकणाने मोजलेला शहाणपणा सगळा!

तुकाराम वर आला. हसला नाही. त्याच्या जागी मी असतो तर महिनाभर हसलो असतो. गुडघे टेकले, उघड्या प्लायवूडवर गाल ठेवला. या वेळी मी बघत राहिलो. त्याच्या गालाला ओल्या धुळीचा राखाडी चट्टा लागला, तो पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"परवा सुकतलां. एवढोच तुकडो काढूया. मी हात देतंय, दोन दिसांचां काम. नजीबभाईक खरां काय तां सांग, रागावतीत आणि गप रवतीत."

सांगणार आहे. ठरलं. उद्या ते आले की पहिलं हेच.

२९ सप्टेंबर, गुरुवार

नजीबभाई जन्मात पहिल्यांदा शिडी चढून वर आले. तुकाराम खाली रोलर धूत होता. बुटाच्या टोकाने त्यांनी उचकटलेल्या फोडाची कड दाबली. "ये कोना किसका काम?"

"तुकाराम का," मी म्हणालो.