लाल बोळ्याची नळी

१६ नोव्हें. '८२, साकोली
दवाखान्याच्या लॅबमध्ये तिसरा महिना. एवढा तर लाकडं कापायच्या आरामशीनवरही टिकलो नव्हतो. काम एकच, साखरेच्या नळ्या भरायच्या. नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा: हिरवा बोळा ग्लुकोज, लाल बोळा लॅक्टोज. आत रोग्याचा जंतू सोडला, त्यानं साखर खाल्ली की नळी गुलाबी. टायफॉइडवाला लॅक्टोज खात नाही. लॅबवाल्या बाई उद्या भाऊबिजेला माहेरी. बजावून गेल्या, "नळ्या निर्जंतुक व्हायला तीन दिवस रोज अर्धा तास वाफ दे. कुकर लावू नको. दाबानं लॅक्टोज फुटते, मग कोणताही जंतू खाते."

१७ नोव्हें.
तीन दिवस! तिकडं लाखनीजवळ मंडईची जत्रा, रात्रभर दंडारीचा नाच-तमाशा. कुकर लावला, शिट्या झाल्या, बस पकडली.

२१ नोव्हें.
दंडार पाहून परतणार होतो. ट्रकवाला म्हणे, बपेऱ्याच्या मंडईले चाल. गेलो. आलो तर बाई हजर. नळ्या पाहून म्हणाल्या, "शाब्बास." कुकरचं न सांगता नळ्या फळीवर लावल्या.

२५ नोव्हें.
यशोदावहिनीच्या तापाचा नववा दिवस. तलावावर मासे विकते, मी जेवतो तिच्याचकडं. तिच्या रक्तातला जंतू काल माझ्या त्याच नळ्यांत सोडला. आज लाल बोळ्याची नळी गुलाबी. रिपोर्ट: टायफॉइड नाही. डॉ.नी टायफॉइडचं औषध बंद केलं. कुकर...

२६ नोव्हें.
वहिनी भिंतीला टेकून झिंगे परतत होती. म्हटलं, कायले उठली?
"ताप मले आला भाऊजी, चुलीले नाही."
ताट तसंच ठेवून स्टँडवर जाऊन बसलो. नागपूर गाडी लागली. उठलो, चढलो, उतरलो.

२७ नोव्हें.
बाईंना सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं. "शाब्बास म्हटलं तेव्हा काहून नाही बोलला?" डॉ. म्हणतात, ते औषध रक्तावर वाईट, पक्कं झाल्याशिवाय पुन्हा नाही देणार. नव्या नळ्या भरल्या. पहिली वाफ.

२८ नोव्हें.
दुसरी वाफ. बाहेर डोंबाऱ्याचा ढोल वाजून राहिला. खिडकी लावून घेतली. वहिनीचा ताप तसाच.

२९ नोव्हें., संध्या.
तिसरी वाफ. बाईंनी वहिनीचा जंतू सोडला. किसनभाऊ, वहिनीचा नवरा, खांद्यावर ओलं जाळं तसंच, दारात उभा. "समजंल ना आता?" म्हटलं, उद्या; लाल बोळ्याची नळी गुलाबी नाही झाली तर टायफॉइड पक्का, औषध सुरू. त्याच्याकडं बघवेना.
स्टूल ओढून बसलो. आजवर काही बदललं नाही की उठून चालू पडायचो. लाल बोळ्याची नळी अजून पाण्यासारखी आहे. तशीच राह माय, तशीच राह.