कस्टममधून सुटलेलं पिस्तूल

आप्पा,

मी एका पिस्तुलाची वाट बघत होते आणि काल ते आलं. घरी नाही, दुकानापर्यंत. दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते, तरी उठून बाहेर गेले. तो म्हणाला, "मॅम, सुटलं एकदाचं. शनिवारी या." फोन ठेवल्यावर पहिली आठवण झाली ती तुमची. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुम्हाला माहीत असलेली दोन वेण्यांची मुलगी आणि टेक्सासमध्ये शुगर लँडला राहणारी, गॅसच्या पाइपलाइनींची डिझाइन तपासणारी, पन्नाशी ओलांडलेली ही बाई एकच आहे, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी इथे नेमबाजी खेळते. म्हणजे मैदानावर रांगेत उभं राहायचं, समोरच्या कागदावरच्या काळ्या गोलावर नेम धरायचा, आणि जिच्या गोळ्या मधोमध लागतील ती जिंकली. ग्रीन कार्ड येईपर्यंत मी या वाटेला गेले नव्हते. व्हिसावरच्या माणसाने बंदुकीच्या आसपास फिरकू नये, असंच आमच्यातले सगळे सांगायचे. कार्ड आलं त्या वर्षी ऑफिसातली एक मैत्रीण मला तिच्या क्लबात घेऊन गेली. शहर संपून भाताची शेतं लागतात, तिथे एक पत्र्याची शेड आहे. घामाने डोळे चुरचुरत होते. तिने पिस्तूल हातात दिलं, उभं कसं राहायचं ते दाखवलं, आणि माझ्या पहिल्याच पाच गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या. मैत्रीण म्हणाली, "तू खोटं बोलतेस. तू आधी खेळलीयेस." खेळले नव्हते, आप्पा. पण हात उचलला आणि आतलं सगळं शांत झालं. इथे आल्यापासून मला इतकं शांत कधीच वाटलं नव्हतं. तेव्हापासून मी तिथे जाते, आणि आता क्लबातल्या बायकांत माझ्यापुढे कुणी नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, आहे ते सांगते.

अडचण एकच होती. क्लबातली पिस्तुलं पुरुषी पंजासाठी बनवलेली. मूठ जाड, माझं बोट घोड्यापर्यंत जेमतेम पोचायचं. मग यंदा युरोपातल्या एका कंपनीने नवीन पिस्तूल काढल्याची बातमी आली. सेमी-ऑटोमॅटिक, सामन्यांसाठीच बनवलेलं, वजनाला हलकं, आणि बारीक मुठीचं. तिकडे ते विकायला लागलेही होते. इकडे यायचं तर आयातीची परवानगी, मग तपासण्या, मग कस्टम. दुकानदाराने माझं नाव पहिलं लिहून घेतलं आणि म्हणाला, पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात गेले तर म्हणाला, पुढच्या महिन्यात. वसंत गेला, घामाने भिजवणारा उन्हाळा गेला. तुमचे जावई हसायचे, "अगं, लग्नासाठी एवढी थांबली नव्हतीस." पण मला धीर होता. वाट कशी बघायची हे मी तुमच्याकडे बघून शिकलेय.

तुम्ही सैन्यातून परत आलात तेव्हा मी पाचवीत होते. सहकारी बँकेला दारावर पहारेकरी हवा होता, पण अट अशी की बंदूक स्वतःची हवी, परवान्यासकट. परवाना मिळाला, बंदूक मिळेना. कोल्हापूरचा दुकानदार दर वेळी सांगायचा, माल वरूनच आला नाही. तुम्ही एसटीने जायचात, रिकाम्या हाताने परत यायचात, चहा प्यायचात आणि वखारीवर लाकडं मोजायला जायचात. चिडलेलं मी तुम्हाला पाहिलं नाही. उलट आईला सांगून खाकी कपड्यांना इस्त्री करून ठेवली होती, उद्याच कामावर जायचं असल्यासारखी. आणि ज्या दिवशी ती दोन नळीची बंदूक खांद्याला लावून तुम्ही दारात उभे राहिलात, त्या दिवशी आई ताम्हनात निरांजन घेऊन आली.

"अगं, ही बंदूक आहे," तुम्ही म्हणालात. "सून नाही."

"नोकरी आलीय घरात," आई म्हणाली. "ओवाळायला नको?"

ओवाळलं तिने. पण दुसऱ्या दिवसापासून भांडण सुरू झालं, कारण बंदूक राहायची माजघरात खुंटीवर आणि काडतुसांचा डबा तुम्ही ठेवायचात स्वयंपाकघरात, अगदी वरच्या फळीवर, तूरडाळीच्या शेजारी. बंदूक आणि काडतूस एका खोलीत राहणार नाही, हा तुमचा नियम. आई म्हणायची, डाळ घेताना माझा हात थरथरतो. तुम्ही म्हणायचात, थरथरू दे, म्हणजे पोरं वर चढणार नाहीत. मी चढले नाही. पण एकदा छत्री खांद्याला लावून शेजाऱ्यांच्या शेळीवर रोखली आणि तोंडाने ठो केलं. तुम्ही मागेच उभे होतात. ओरडला नाहीत. "मारायचीय का ती तुला?" एवढंच विचारलंत. मी नाही म्हणून मान हलवली. "मग रोखलीस कशाला? जा, पाला घालून ये तिला." मी रडत रडत शेळीला सुबाभळीचा पाला घातला, आणि ती मजेत खात राहिली.

आता तुमच्या नातीबद्दल. ती सतरा वर्षांची आहे, गाडी चालवायला शिकतेय. रविवारी सकाळी ती चालवते आणि मी शेजारी बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबत असते. ऑगस्टमधल्या अशाच एका रविवारी तिने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "आई, तुझी ती गन कधी येणारे?"

"पुढच्या महिन्यात म्हणतायत."

"आणि मग घरी आणणार?"

"तिजोरीत कुलपात ठेवणार. गोळ्या वेगळ्या खोलीत."

"नो," ती म्हणाली. "आई, नॉट इन द हाऊस."

मी समजावायला लागले. हा खेळ आहे, ऑलिंपिकमध्येही असतो, मी शिकलेली आहे, नियम पाळणारी आहे. सगळं खरंच होतं. तिने वाण्याच्या दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये गाडी घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून बोलायला लागली. ती तिसरीत असताना शाळेत सराव झाला होता. कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं, त्याचा. दिवे बंद करून सगळ्यांना दप्तरांच्या खुंट्यांखाली दाटीवाटीने बसवलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं होतं. बाहेरून कुणीतरी दाराची कडी खडखडवून बघितली. "दे डिडन्ट टेल अस इट वॉज अ ड्रिल, आई. आफ्टरवर्ड्स सांगितलं." शेजारच्या मुलाची चड्डी ओली झाली होती आणि हिने त्याचा हात धरून ठेवला होता. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू ऑफिसमधून दमून यायचीस. आणि काही झालंच नव्हतं ना, मग काय सांगणार?"

आप्पा, एसी बंद झाल्यामुळे गाडी तापायला लागली होती. मग मी तिला तुमचा बँकेतला तो दिवस सांगितला. का सांगितला, ते बोलायला लागल्यावरच कळत गेलं.

मी आठवीत आहे. शाळा सकाळची, म्हणून दुपारी तुमचा डबा मी पोचवते. त्या दिवशी बँकेचा रस्ता माणसांनी भरलेला. बँक बुडाली, बँक बुडाली, एवढंच ऐकू येतंय. मी कोपरांनी वाट काढत पायऱ्यांपर्यंत येते. जाळीचा सरकता दरवाजा आतून बंद, त्याच्या मागे मॅनेजर साहेब, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, आणि बाहेर पायरीवर तुम्ही एकटे. समोर शिंपीकाका, आमचे दिवाळीचे फ्रॉक शिवणारे, आणि त्यांच्या हातात दगड. आतून साहेब ओरडतायत, "बंदूक वर करा! बघता काय, हवेत एक बार काढा!"

तुम्ही बंदूक मधोमध मोडून नळ्या उघडल्यात. सगळी गर्दी एकदम मागे सरली, कारण लोकांना वाटलं तुम्ही ती भरताय. तुम्ही दोन्ही काडतुसं काढलीत, शर्टाच्या खिशात टाकलीत, खिशाचं बटण लावलंत. मग वळून जाळीतून बंदूक आत दिलीत.

"धरा साहेब. ही दरोडेखोरांसाठी आहे. बाहेर सगळे खातेदार आहेत."

आणि तुम्ही पायरीवर बसलात. मला म्हणालात, "डबा आण इकडे." मला वाटलं तुम्हाला वेड लागलं. तुम्ही भाकरी काढलीत, पिठलं काढलंत, आणि शिंपीकाकांना म्हणालात, "बसा. माझंही खातं इथंच आहे. आत जायचं तर मला ओलांडून जावं लागेल, आणि मी आता जेवतोय." कुणीतरी हसलं. ते कोण, मला दिसलं नाही, पण त्या हसण्यानं काहीतरी सैल झालं. काकांनी दगड खाली ठेवला. जेवले नाहीत, पण बसले. मग त्यांच्या मागचे बसले. संध्याकाळी तहसीलदार आले तेव्हा पायऱ्यांपासून रस्त्यापर्यंत माणसं मांडी घालून बसलेली होती आणि एकही काच फुटलेली नव्हती.

त्याच आठवड्यात साहेबांनी तुम्हाला काढलं. हुकूम पाळला नाही म्हणून. तुम्ही घरी आलात, हातपाय धुतलेत, पाटावर बसलात. आईने विचारलं काय झालं. तुम्ही म्हणालात, "नोकरी गेली. वाढ." त्यानंतर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तुम्ही शेवटपर्यंत काठी घेऊन उभे राहिलात. बाजारातून जाताना लोक तुम्हाला थांबवून नमस्कार करायचे आणि तुम्ही भाजीच्या पिशवीचा हात बदलून पुढे चालू लागायचात.

हे सगळं सांगून झालं तेव्हा लेक माझ्याकडे वळली. "सो ही गेव्ह इट अवे."

"तेवढ्यापुरती. होती त्यांच्याकडे, आणि कुठे नको ते त्यांना कळत होतं."

"मग तुला का हवीये?"

मी खरं तेच सांगितलं. "कारण मला ते येतं. मला उशिरा सापडलं, पण मला ते फार चांगलं येतं, आणि त्यात मी कुणाची आई नसते, कुणाची बायको नसते, कुणाच्या हाताखाली नसते. ते मी सोडणार नाही."

तिने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "ओके. पण घरात नाही."

"घरात नाही," मी म्हणाले. हे बोलताना मी हरले असं मला वाटलं नाही. तिने हात धरलेला तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोर होता. आमचं घर हे त्याच्याही येण्याजाण्याचं घर असायला हवं.

तिने गाडी सुरू केली आणि रिव्हर्स घेता घेता म्हणाली, "मी एकदा बघायला येईन. लांबून."

क्लबात लोखंडी लॉकर भाड्याने मिळतात. पिस्तूल तिथे राहील, दुकानातून थेट तिथे जाईल. दुकानदाराला हे सांगितलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, "मॅम, एवढी वाट बघितलीत, आणि घरी नेणार नाही? मग घेताय कशाला?" मी म्हणाले, "खेळायला." तुमचे जावई म्हणाले, हे म्हणजे म्हैस आपण विकत घ्यायची आणि गोठा शेजाऱ्याचा. म्हणू देत. राज्याचे सामने वसंतात आहेत आणि मी नाव दिलंय. नवीन मुठीची सवय व्हायला हिवाळा पुरेल. माझ्या गटात मी पहिली येईन, आप्पा. आशा म्हणून म्हणत नाही, माझा हात मला माहीत आहे. परवा शनिवारी लेक मला दुकानात आणि तिथून क्लबात घेऊन जाणार आहे. गाडी तीच चालवणार. आवाज अडवायला कानाला लावतात त्या मफची एक जादा जोडी मी आजच आणून ठेवलीये, तिला न सांगता.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून आणखी एक लिहून टाकते. क्लबात पहिल्या वर्षी कुणीतरी मला विचारलं होतं, हात इतका स्थिर कुठून आला. मी म्हणाले, वडिलांकडून, ते सैन्यात नावाजलेले नेमबाज होते. ती गोष्ट आता तिथे सगळ्यांना पाठ आहे. नव्या मेंबरांना तेच ती सांगतात. खरं म्हणजे मी तुम्हाला एकदाही बार काढताना पाहिलं नाही. आई एकदा म्हणाली होती, तुम्ही पलटणीच्या कोठारात होतात, डाळ-तांदूळ मोजायला. तुमचा नेम कसा होता, मला काहीच माहीत नाही. पण पुन्हा कुणी विचारलं तर मी तेच सांगणार आहे.