रुईची उष्टी पानं

आई, मी कॉलनीत रुई राखलीय. लावलीय म्हटलं असतं तर तू लगेच म्हणाली असतीस, रुई कुणी लावतं व्हय, ती उगवती. उगवलीच होती ती, समाजमंदिरामागच्या मोकळ्या कोपऱ्यात, मुरमात, कुणी तांब्याभर पाणी घातलेलं नसताना. मी फक्त ती उपटू दिली नाही, आणि त्यासाठी निम्म्या कॉलनीशी भांडले. भांडायला मला कारण लागत नाही हे तुझंच म्हणणं, पण यावेळी कारण होतं.

रिटायर झाल्यापासून रविवारी सकाळी कॉलनीतली पोरं माझ्याकडे जमतात. आधी गोष्टी, गाणी चालायची. मग फुलपाखरांची बाग करायची टूम निघाली. टूम माझीच, पोरांना नावं कशाला ठेवू. झेंडू, सदाफुली, टणटणी लावली आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी विचारायला सुरुवात केली, फुलपाखरं कधी येणार. आली की. पण मध पिऊन पाहुण्यासारखी निघून जायची. त्यांनी इथं संसार मांडायचा तर अंडी घालायला त्यांचं त्यांचं झाड लागतं, अळ्यांना खायला पानं लागतात. केशरी पंखांचं, काळ्या काठाचं ते फुलपाखरू रुई सोडून फारसं कुठं अंडी घालत नाही. पालक म्हणाले, चीक डोळ्यात गेला म्हणजे? त्यांचं काही चूक नव्हतं. मग नियम केला की पानाला हात लावायचा नाही, फक्त वाकून पानाची पाठ बघायची, आणि लावलाच हात तर आधी नळ आणि साबण. एवढं कबूल केल्यावर रुई राहिली.

रुई म्हटलं की मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. शनिवार आहे, तू न्हाऊन बसली आहेस, पुढ्यात परातभर पानं. ओल्या फडक्यानं एकेक पान पुसतेस, सुईत ओवतेस, आणि तुझी बोटं चिकानं काळी पडत जातात. मी पानं हातात देणारी. एकदा कडेला कुरतडलेलं पान दिलं तर तू हातावर फटका मारलास. म्हणालीस, "उष्टं पान देवाला देतीस? तुला कुणी अर्धी खाल्लेली भाकरी वाढली तर चालंल का?" आणि त्याच शनिवारी की दुसऱ्या कुठल्या, पानाखालून पट्ट्यापट्ट्यांची अळी निघाली तेव्हा तू परात तशीच टाकून थेट अंगणात पळालीस. अण्णा पोट धरून हसले होते. मारुतीची एवढी भक्त, आणि बोटाएवढ्या अळीला भ्याली म्हणून.

तर आमच्या रुईवर तशीच अळी आली. ती सापडली तिसरीतल्या एका पोरीला. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि रागावली की दोन्ही बंद, अशी ही पोर. सगळ्यात शेवटी आली होती गटात, आईनं ढकलली म्हणून, आणि कोपऱ्यात उभी राहायची. अळी सापडली आणि ती बोलायला लागली. शाळेतून आली की दप्तरासकट रुईपाशी, मग माझ्या दारात. आज लई खाल्लं, आज कात टाकली, आज झोपूनच हाय. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. खरं सांगते, तिच्या त्या बातम्यांची मी वाट बघायला लागले होते.

एका शनिवारी सकाळी ती शाळेच्या कपड्यात दारात आली आणि तशीच रुईकडे वळली. मी मागोमाग गेले. रुईचे सगळे शेंडे मोडून नेलेले, बुंध्याला दोन-चार जून पानं राहिलेली. पोर म्हणाली, "तुमी राखणार म्हणाला होता. आता मी येणार नाही." ती एकदा गप्प झाली की पुन्हा कधी बोलायला लागेल याचा भरवसा नव्हता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कोण तोडतं हे मला ठाऊक होतं. पलीकडच्या गल्लीत एक म्हातारी राहते, अक्कलकोटकडची, घरी कानडी बोलणारी. कोपऱ्यावरच्या मारुतीला दर शनिवारी तिचीच माळ असते. पोरीचा हात धरला आणि तावातावानं निघाले.

म्हातारी उंबऱ्यात बसली होती. पुढ्यात परात, हातात ओलं फडकं, बोटं काळी. आई, मी तिथंच थांबले. पोरगी मात्र थांबली नाही. तिनं म्हातारीच्या बाजूला टाकून दिलेल्या पानांचा ढीग बघितला आणि त्यात बसली उकरत. कुरतडलेली पानं होती ती, देवाला न चालणारी. त्यातल्याच एका पानावर अळी होती, आणि खात होती.

मग बोलणं झालं. म्हातारी म्हणाली, मारुतीला रुई लागती की, न्हाय कशी म्हणू. पहाटे अंधारात दिसत नाही, म्हणून शेंडेच मोडून आणते आणि घरी निवडते. मी तिला सांगितलं, एकेक पान खुडा, उष्टं तिथंच ठेवा. ते जमेल म्हणाली, फाटकी कड बोटाला कळते. पण अंडी असतात चांगल्या, कोवळ्या पानांच्या पाठीला, त्यांचं काय? ती बोटाला कळायची नाहीत. पोरगीच म्हणाली, "मग ती पानं आपण उष्टी करू की." म्हातारी इतकी हसली की सुई हातातून पडली. उष्टं ते उष्टं, म्हणाली, कुणी का केलेलं असंना.

तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी सगळी पोरं रुईभोवती वाकतात. अंडं दिसलं की मला हाक मारतात आणि मी कात्रीनं त्या पानाचा कोपरा कापते. म्हातारी चाचपून तेवढी पानं सोडते. तिची माळ थोडी आखूड झालीय, मारुतीची तक्रार नाही.

त्या ढिगातून परत रुईवर ठेवलेली ती अळी टांगून घेऊन हिरवा कोष झाली, सोनेरी ठिपक्यांचा. परवा त्यातून फुलपाखरू निघालं. पंख वाळेपर्यंत पोरगी जागची हलली नाही. उडाल्यावर माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुमच्या आईला सांगा." कारण उष्ट्या पानाची गोष्ट मी पोरांना सांगितली होती, आणि तिनं विचारलं होतं की तुमची आई अळ्यांसाठी पानं सोडायची का.

म्हणून सांगतेय. हा कागद तू मागं ठेवून गेलेल्या सुयांच्या डब्यात घडी घालून ठेवते, पोरांच्या हाती लागायला नको. मी त्यांना हो म्हणाले होते, आई. तू अंगणात पळालीस ते सांगितलं नाही.