संडासाची जागा

याडी,

शाळेत सगळ्या पोरी आई म्हणायच्या, मी मात्र तुला आपल्या बोलीतलं याडीच म्हणत राहिले. तू गेल्यावर मी पुष्कळ शिकले आणि आता दुसऱ्यांना शिकवते. पूर आला, आग लागली, माणसं घराबाहेर पडली, तर मदतीला धावणाऱ्यांनी काय करायचं, हे गावोगावच्या पोरापोरींना सांगायचं काम आहे माझं. त्याचे नियम आहेत, जगभर चालणारे. माणशी किती पाणी, किती माणसांमागे एक संडास, दिवा कुठं लावायचा, आणि सगळ्यात आधी, ज्यांच्यासाठी करतो त्यांना विचारायचं. हे विचारायचं बोलताना माझा आवाज चढतो. पोरं आपसात म्हणतात, मॅडम तशा चांगल्या आहेत, पण इथं आल्या की भडकतात.

परवा घाटंजीला शिबिर होतं. शाळेच्या पटांगणात राखेनं रेघा मारून आम्ही छावणीचा नकाशा काढला. पोरांनी संडास फाटकाजवळ, निंबाच्या पाराशेजारी मांडला. का म्हणून विचारलं तर उत्तर तयार: तिथं खांबावर दिवा आहे, पाणी जवळ आहे, बायांना भीती नाही. पुस्तकाप्रमाणे पैकीच्या पैकी गुण. पोरांना पारावर बसवलं, म्हातारे व्हा म्हटलं, आणि पोरींना डबडं घेऊन त्यांच्यासमोरून जायला सांगितलं. दोघीतिघी हसत हसत गेल्या. एका तांड्यावरची नवी सून मात्र डबडं धरून जागच्या जागी उभी. "मी नाही जात मॅडम," म्हणाली. "तिथं खरंच माहे जेठ बसले असते, तं मी पाणीच पेलं नसतं."

हेच, याडी. हेच तू केलंस.

तेव्हा मी पुसदला हॉस्टेलात राहून नर्सिंग शिकत होते. नाल्याचं पाणी तांड्यात शिरलं आणि तुम्हा सगळ्यांना गावच्या शाळेत हलवलं, हे मला उशिरा कळलं. मदतीला आलेली पोरं भली होती. आल्याआल्या त्यांनी तांड्याच्या नायकाला विचारलं, माझ्या बाला विचारलं, बाच्या मोठ्या भावांना, म्हणजे तुझ्या जेठांना विचारलं. मोठ्यांचा मान म्हणून त्यांच्या खाटा फाटकाशी टाकल्या. संडासही तिथंच, उजेडात. बाईमाणसाला कोणी विचारलं नाही. जेठांसमोरून तू जन्मात कधी पदर नाकापर्यंत ओढल्याशिवाय गेली नाहीस, मग लोटा घेऊन कशी जाणार होतीस? तू पाणी पिणंच सोडलंस. मदतीच्या पोरांनी भरून ठेवलेली पिंपं समोर, आणि तू घोटभर पाण्यानं ओठ ओले करून दिवस काढायचीस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. हे मला शेजारच्या काकीनं सांगितलं, तेही तुझे दिवस झाल्यावर.

दवाखान्यात आणलं तेव्हा तू तापानं फणफणली होतीस. लघवीतला जंतू रक्तात उतरलाय, डॉक्टर म्हणाले. मी तुला पुन्हा पुन्हा विचारत होते, त्रास कधीपासून, काय झालं. तू म्हणालीस, "काही नाही वं. लई चांगले लोक होते. बसल्या जागी जेवण देत." कपाळ माझं! मरता मरता तू त्यांची तारीफ करत होतीस. मला त्याचा अजून राग येतो, आणि तो त्या पोरांचा नाही, तुझाच येतो. पोरगी नर्सिंग शिकत होती तुझी. एक निरोप धाडला असतास तर मी मागच्या अंगाला तट्ट्या बांधून आडोसा उभा केला असता, जेठ गेले खड्ड्यात.

तुझी ही गोष्ट मी शिबिरात "एका तांड्यातली बाई" म्हणून सांगते. घाटंजीला एका पोरानं विचारलं, पण मॅडम, त्या बाईनं सांगतलं काहून नाही? मी त्याच्यावर खेकसले. मग वाईट वाटलं. शांतपणे म्हटलं, सांगणार कोणाला, ज्यांना विचारायचा रिवाज होता ते सगळे तर फाटकाशी बसलेले. पोरांनी राख पुसली. त्या नव्या सुनेला विचारून संडास शाळेच्या मागच्या अंगाला नेला, दिवाही तिकडेच न्यायचं ठरलं. चांगलं झालं, पण तुला त्याचा काय उपयोग.

हे लिहिते आहे, पण तांड्यावर पाठवणार नाही. बाच्या हाती पडलं तर तो शेजारच्या पोराकडून वाचून घेईल. बा आता थकला आहे. तू तापानं गेलीस, एवढंच त्याला माहीत आहे, आणि तुझा विषय निघाला की अजून डोळे पुसतो. घाटंजीहून येताना मी त्याच्याकडे उतरले होते. चहा पिता पिता त्यानं सहज विचारलं, "एवढी गावोगाव फिरून राह्यली, लोकायले शिकवतं तरी काय?"

मी म्हटलं, "संडास कुठं बांधायचा ते."

तो खोकत खोकत हसला. "त्यात काय शिकवाचं वं?"

आणि मीही त्याच्यासोबत हसले, याडी.