समुद्रघोड्याचा बाप

प्रिय बडबडे,

पाकिटावरचं गिचमिड अक्षर बघूनच तू ओळखलं असशील की हे माळोबाचं पत्र आहे. हे नाव तूच ठेवलंस. आपण दोघंही नवखे होतो तेव्हा. रेडिओ केंद्राच्या त्या अरुंद जिन्यात मी तुला सांगितलं, लायटरचा शोध आगपेटीच्या आधी लागलाय. तू जिथल्या तिथे थांबलीस आणि म्हणालीस, "अरे, हे डोकं आहे की घरावरचा माळा? काय काय कोंबून ठेवलंयस!" दुसऱ्या दिवशी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे मला माळोबा म्हणायला लागले. मी तुला 'बडबडे' म्हणू लागलो तो निव्वळ सूड होता. आत्ता पत्र लिहायला बसलो तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी नावाने सुरुवात करून बघितली. दोन कागद फाडले. जमलं नाही. तेव्हा रागावू नकोस.

माझं बरं चाललंय. निवृत्त झाल्यावर वरच्या मजल्यावरची ही खोली घेतली, खाली शिंप्याचं दुकान आहे. सकाळी दूध घेऊन येताना शिंपी मला अडवतो आणि म्हणतो, "बोला, आज काय?" म्हणजे आजची थाप कोणती. परवा त्याला सांगितलं, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि पोहताना त्यातलं एक बंद पडतं. मशीनचं चाक हाताने थांबवून तो म्हणाला, "मग पोहतो कशाला? बसून राहावं की!" मला इतकं हसू आलं की दूध सांडलं. जिना चढताना वाटलं, हे वाक्य तुझ्या तोंडी शोभलं असतं. गुडघा मात्र कुरकुर करतोय. वीस पायऱ्या चढलो की त्याच्याशी वाटाघाटी कराव्या लागतात.

'खरं वाटत नाही, पण' हा आपला कार्यक्रम अजून कुणाकुणाच्या लक्षात आहे, हे तुला माहीत आहे का? मध्ये बँकेत एक बाई माझा आवाज ऐकून वळल्या. त्यांचं पहिलं वाक्य काय असेल? "त्या बाई कुठे असतात हो?" मी काय तो उगाच! पण त्यांचं बरोबर होतं. माहिती मी गोळा करायचो, जीव तू ओतायचीस. शनी हा ग्रह पाण्यापेक्षा हलका आहे, पुरेसं पाणी मिळालं तर तरंगेल, असं मी गंभीरपणे सांगितलं की तू विचारायचीस, "एवढी बादली आणायची कुठून?" काळ्या-पांढऱ्या सिनेमात रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरायचे, हे सांगितल्यावर तू म्हणालीस, "म्हणजे खलनायक मरताना ओठ चाटत असणार." काचेपलीकडे बसलेला आपला ध्वनिमुद्रक, तो कानवाला, हसू दाबण्यासाठी रुमाल तोंडात कोंबायचा. आणि तरी एका बाबतीत तू फार कडक होतीस. दोन वेगवेगळ्या पुस्तकांत सापडल्याशिवाय एकही गोष्ट माइकसमोर न्यायची नाही. किती तरी सुरेख थापा तू माझ्या हातून काढून टोपलीत टाकल्यास!

आज मला धुक्याचा तो दिवस आठवतोय. आठवतोय म्हणणंही चुकीचंच, कारण तो विसरलो कधी?

खाडीपलीकडे जाणारी सकाळची बोट निघाली आणि मागून धुकं उतरलं. दुपार व्हायच्या आत धक्क्यावरून फोन आला: बोट पलीकडे पोचलेली नाही, इंजिन बंद पडलं असावं, ओहोटीने बाहेर ओढली असणार. साहेबांनी गाणी थांबवली. मासेमारीच्या बोटींसाठी थोड्या थोड्या वेळाने निवेदन करायचं ठरलं. पण मधल्या वेळाचं काय करायचं? उडत्या चालीची गाणी लावणं बरं दिसेना, आणि नुसती खरखर ठेवली तर धक्क्यावर ट्रान्झिस्टर कानाला लावून उभ्या असलेल्या माणसांचा धीर सुटला असता. साहेब डोकं धरून बसले होते. तू म्हणालीस, "आम्ही बोलतो. नेहमीसारखंच." तुझा चेहरा इतका शांत होता की मीही मान हलवली.

स्टुडिओत बसलो, प्रक्षेपणाचा लाल दिवा लागायला अवकाश होता, आणि तू टेबलाच्या हिरव्या कापडाकडे बघत म्हणालीस, "मिस्त्री आहे त्या बोटीवर." तुझा नवरा इंजिन सांभाळायचा हे मला ठाऊक होतं, पण त्या आठवड्यात त्याची पाळी दुपारची होती. ती त्याने बदलून घेतली होती. मी ताडकन उठलो, म्हटलं, "तू धक्क्यावर जा, मी एकटा निभावतो." तू म्हणालीस, "तिथे जाऊन काय करू? धुक्याकडे बघत उभी राहू? कप्तानाच्या खोलीत रेडिओ असतो. इथून बोलले तर निदान माझा आवाज तरी पोचेल." मग दिवा लागायच्या बेतात असताना, अगदी पुटपुटल्यासारखं, "आणि मला दिवस गेलेत, माळोबा. त्याला अजून सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी सांगणार होते." आणि लाल दिवा लागला.

तू कशी बोललीस ते मला आजही कळत नाही. फुलपाखरू पायांनी चव घेतं, हे तू असं रंगवून सांगितलंस की मी क्षणभर सगळं विसरलो. शुक्र स्वतःभोवती एक गिरकी पुरी करायच्या आत त्याची सूर्याभोवतीची फेरी संपते, म्हणजे तिथे एका दिवसापेक्षा वर्ष लहान, हे मी सांगितल्यावर तू म्हणालीस, "एका दिवसात वर्षाचा पगार, चैनच की!" इतिहासातलं सगळ्यात छोटं युद्ध पाऊण तासाच्या आत आटोपलं, त्यावर तू म्हणालीस की आमच्या घरातली याहून जास्त चालतात. निवेदनाचा कागद आला की तुझा आवाज सरळ व्हायचा, बोटीचं वर्णन, कुठे शोधायचं ते, सगळं स्वच्छ. आणि ते संपलं की पुन्हा हसरा. टेबलाखाली मात्र तू माझी बाही मुठीत धरली होतीस. ती तू अखेरपर्यंत सोडली नाहीस. मीही हात हलवला नाही, डाव्या हाताने पानं उलटत राहिलो.

आणि मग तू माझ्याकडच्या कागदांत नसलेली एक गोष्ट सांगितलीस. समुद्रघोड्यांमध्ये पिल्लं आई नाही, बाप पोटात वाढवतो. मादी अंडी त्याच्या पिशवीत ठेवते आणि मोकळी होते. तू हसत म्हणालीस, "आमच्या घरी ही सोय नाही. पण बापाला निदान वेळेवर घरी यायला काय हरकत आहे? वाट बघणारी आता एकटी नाहीये." ऐकणाऱ्यांना तो विनोद वाटला असेल. कानवाला तर हसला. मी तुझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्याच्याने पुढचं वाक्य निघालं नसतं.

बाकीचं तुला मिस्त्रीनेच नंतर शंभरदा ऐकवलं असेल. कप्तानाचा रेडिओ खरंच चालू होता. इंजिन बंद असल्यामुळे तुझं ते वाक्य खालपर्यंत पोचलं, आणि तो इंजिनखोलीतून तेलाने माखलेला वर आला आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाला, "अरे, मी बाप होणारे!" घाबरलेली माणसं आधी त्याच्याकडे वेड्यासारखी बघत राहिली, मग कुणीतरी टाळी वाजवली. पुढे तो आणि उतारू पाळीपाळीने लोखंडी पिंपावर पाना बडवत राहिले. आपलं निवेदन ऐकून शोधायला निघालेल्या एका मासेमारी बोटीने तो आवाज ऐकला. संध्याकाळी सगळे सुखरूप धक्क्याला लागले. मिस्त्री घरी गेलाच नाही, सरळ केंद्रावर आला. काचेपलीकडे तो उभा राहिला तेव्हा तू एक वाक्य बोलत होतीस. ते तू पूर्ण केलंस. मग माझी बाही सोडलीस, खुर्ची मागे सारलीस आणि दार उघडून गेलीस.

पुढचा अर्धा तास मी एकट्याने निभावला. काय बोललो, आठवत नाही. कानवाला सांगायचा की शनी मी दोनदा तरंगवला. मला एवढंच आठवतं की तुम्ही दोघं काचेपलीकडे होतात, तुमचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, आणि तुझ्या पाठीवर त्याच्या हातांचे काळे ठसे उमटले होते. फार छान दिसत होतात तुम्ही. मनापासून सांगतो.

तुझी मुलगी वर्षाची झाली तेव्हा मी बदली मागितली. तू विचारलंस, "एवढं काय खुपतंय इथे?" मी बढतीचं कारण दिलं आणि तेही खोटं नव्हतं. नव्या केंद्रावर माझ्याबरोबर बऱ्याच जणांनी कार्यक्रम केले. सगळे चांगले होते. लग्नाबद्दल तू पत्रातून टोचायचीस आणि मी शिताफीने पुढची गंमत सांगून विषय बदलायचो. तुला ते कळत असणार. तू कधी जास्त खोदलं नाहीस, याबद्दल मी तुझा ऋणी आहे. मिस्त्री गेला तेव्हा मी आलो होतो, पण चार माणसांत तुझ्याशी धड दोन शब्द बोलता आले नाहीत.

गेल्या आठवड्यात तुझ्या मुलीचा फोन आला. तुझ्या घशाची शस्त्रक्रिया नीट झाली, गाठ पूर्ण काढली, धोका टळला, पण डॉक्टरांना तुझी स्वरपेटी काढावी लागली, असं ती म्हणाली. तू घराबाहेर पडत नाहीस, कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जातेस, लिहायला पाटी दिली तर ती पालथी घालून ठेवतेस, हेही तिनेच सांगितलं. म्हणून फोन न करता पत्र लिहितोय. बडबडे, मी गुरुवारी सकाळच्या गाडीने येतोय. धक्क्याजवळ एक खोली बघून ठेवायला मुलीला सांगितलंय, वर्षभरासाठी, आणि ती तळमजल्यावर आहे. शिंप्याने नवा सदराही शिवून दिलाय. तुला भेटावंसं वाटलं नाही तर मी दाराबाहेर बसेन आणि तिथून बोलत राहीन. मला सवय आहे. माझं काही चुकलं तर तुला राहवणार नाही, हे मी पक्कं ओळखून आहे. आत बसून भिंत ठोकलीस तरी मला कळेल. आणि काहीच करावंसं वाटलं नाही, तरी चालेल. मी आता कुठे जाणार नाही.

तुझाच,
माळोबा